तडालाच्या जागी कोण उभं होतं

आधी सिंधूताईंचं नाव लिहिते, मग काय झालं ते. या अनुभवांच्या सदरात लोक आधी भीती सांगतात आणि आभार शेवटी एका ओळीत उरकतात, असं मी पाहिलं आहे. मला तसं करायचं नाही. सिंधूताई तिवशाच्या. अमरावतीला आमच्या मिशनच्या बालवाडीत त्या वरण-भात, खिचडी करतात. त्या नसत्या तर एक चार वर्षांची पोरगी आज नसती. आता त्या तिथे होत्या की नव्हत्या, हाच तर प्रश्न आहे...

मी रीना, मूळची अकोटची. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल. आई आजारी पडली तेव्हा मी आठवीत होते, शाळा सुटली ती सुटलीच. घरी रोज प्रार्थना होते, पण भूतखेत, अंगात येणं असलं काही बाबांनी कधी ऐकूनच घेतलं नाही. "देवाले तेवढाच धंदा हाये काय?" म्हणायचे. मीही तशीच वाढले. कुणी अनुभव सांगायला लागलं की मी उठून भांडी घासायला जायची.

मग बालवाडीत मदतनीस म्हणून लागले. दर मे महिन्यात मिशनकडून दोघी-तिघी परदेशात लहान मुलांना शिकवायला जातात – गाणी, बायबलच्या गोष्टी, रंग, आकडे. यंदा आफ्रिकेत मलावीला जाणाऱ्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि जागा रिकामी झाली. पाळकसाहेब बालवाडीत आले तेव्हा सिंधूताईंनी झारा हातात धरूनच माझं नाव सांगितलं.

"पण तिचं शिक्षण..." पाळकसाहेब चाचरले.

"लेकराचं नाक पुसाले कोनती डिगरी लागते साहेब? तुमची ती बीएडवाली आली होती, लेकरू ओकलं तं पयाली. ही पयत नाई."

असं झालं. पासपोर्ट हातात आला त्या दिवशी मला ताप आला, खोटं नाही सांगत.

आता सिंधूताईंची एक पद्धत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या मुलांना गोल बसवतात. प्रत्येकाचा शेजारी ठरलेला. वाढण्याआधी प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचा कान धरायचा आणि त्याचं नाव घ्यायचं. मग त्याने पुढच्याचा. असं फिरत फिरत शेवटपर्यंत. पूर्वी एकदा एक मुलगा संडासात अडकला होता. हजेरी झालेली, म्हणून कुणी शोधलाच नाही. तेव्हापासून ही पद्धत. बालवाडीच्या बाई कधी म्हणाल्या की हजेरीची वही आहे ना, तर सिंधूताईंचं ठरलेलं उत्तर – "वहीत तं तो पोरगाबी हजर होता. मंग?"

मलावीत आमचं गाव एका टेकडीच्या पायथ्याशी. शाळा म्हणजे विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, खाली जमीन. माझ्याकडे पंधरा मुलं, तीन ते पाच वर्षांची. सोबत ग्रेस नावाची तिथलीच मुलगी. ती माझं मोडकं इंग्रजी समजून घ्यायची आणि मुलांना त्यांच्या भाषेत सांगायची. पहिल्या दिवशी मी गोल करून कान धरायला शिकवलं, तर दोन मुलं रडायलाच लागली. ग्रेस हळूच म्हणाली, "इथे कान मार देताना धरतात." मला इतकं वाईट वाटलं! घाबरलेही. आठवीत शाळा सुटलेली बाई परदेशात येऊन मुलांचे कान पिळते असं कुणी म्हटलं तर? मी कान धरणं तिथेच बंद केलं. नुसती नावं ठेवली.

ही माझी चूक. मुलांनी त्या नावांचं गाणं करून टाकलं. शेजारी आहे की नाही हे न बघता धडाधड म्हणत सुटायची. त्यात तडाला नावाची एक मुलगी होती, चार वर्षांची. बोलायचीच नाही. तिने घ्यायचं नाव तिच्या पुढचा मुलगा, यामिकानी, म्हणून टाकायचा – म्हणजे स्वतःचं नाव स्वतःच घ्यायचा आणि पुढे जायचा. मला ते गोड वाटायचं. तडाला नसती तरी ते गाणं पूर्णच झालं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चौथ्या आठवड्यात आम्ही मुलांना पानं गोळा करायला ओढ्याकडे नेलं. सकाळचे अकरा वाजले असतील. लख्ख ऊन, थंड वारा. परतताना शाळेच्या अलीकडे एका आंब्याखाली मी गोल करायला लावला. माझ्या चपलेचा अंगठा निघाला होता. मी खाली वाकून तो बसवत होते आणि कान गाण्याकडे. एक एक नाव येत होतं. तडालाचं नावही आलं. त्यानंतर यामिकानीचं नाव यायला हवं होतं.

आलं नाही.

मी मान वर केली. यामिकानी एका बाजूने मान तिरकी करून उभा होता. कुणी ओढल्यावर होते ना, तशी. चेहरा वैतागलेला. तो ग्रेसला काहीतरी म्हणाला. ग्रेस हसली आणि मला म्हणाली, "म्हणतो, आजीने कान धरलाय."

"कोणत्या आजीने?"

तिने विचारलं. त्याने जणू आम्ही आंधळ्या आहोत अशा चेहऱ्याने शेजारच्या जागेकडे बोट केलं.

ती तडालाची जागा. तिथे कुणीच नव्हतं. मुलांनी मात्र नेहमीसारखी एका माणसाची जागा सोडलेली होती.

पुढचं मला नीट क्रमाने आठवत नाही. मी ओरडले, ग्रेसला म्हटलं, तू यांना धर, आणि एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी अशी मागे पळाले. ओढ्याच्या वाटेला विटांसाठी माती काढलेले खड्डे आहेत. दुसऱ्या खड्ड्यात ती होती. छातीपर्यंत गढूळ पाणी, दोन्ही हातांनी एक मूळ धरलेलं, ओठ निळे. ओरडत नव्हती. ओरडणारच नव्हती ती! मी पोटावर आडवी होऊन तिला ओढलं. काठ निसरडा, दोनदा हातातून सुटली. तिसऱ्यांदा माझ्या ओढणीत गुंडाळूनच वर आली आणि माझ्या गळ्याला इतकी घट्ट चिकटली की मला श्वास घेता येईना. आम्ही तसेच शाळेत गेलो असतो तर जेवणापर्यंत तिची आठवण कुणाला झाली नसती. तासभर तरी. ते मूळ तासभर टिकलं नसतं.

शाळेत आल्यावर मी यामिकानीचा कान पाहिला. पाळीच्या कडेला लाल होता. आजूबाजूच्या मुलांनी धरला का, म्हणून ग्रेसने एकेकाला विचारलं. कुणीच नाही. आणि कान धरायची पद्धत मी पहिल्याच दिवशी बंद केली होती. त्या पहिल्या दिवशी यामिकानी आलाच नव्हता, तो तिसऱ्या दिवशी दाखल झाला. मी वहीत पाहिलं.

तडालाची आई दुपारी आली. जमिनीवर गुडघे टेकून तिने माझे दोन्ही हात धरले. मला लाज वाटत होती, चूक माझीच होती. मी ग्रेसला म्हटलं, सगळं सांग तिला, कान धरणं मी बंद केलं तेही सांग. ग्रेसने सांगितलं. त्या बाईने ऐकून घेतलं आणि हात सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची टोपली पाठवली.

संध्याकाळी आधी पाळकसाहेबांना फोन केला. आता परत बोलावतील, असं धरूनच चालले होते. ते शांतपणे म्हणाले, "देवदूत असेल, बेटा. आभार मान." मानले. पण कान धरणारा देवदूत मी कधी ऐकला नव्हता. मग सिंधूताईंना लावला. इथले सकाळचे अकरा म्हणजे तिकडचे दुपारचे अडीच, हे आधी बोटांवर मोजलं.

"ताई, आज दुपारी अडीच वाजता काय करत होत्या?"

"काहून वं? अकोल्याहून पातूरच्या यष्टीत होतो. पोरीकडं चाललो ना. झोप लागली, कंडक्टरनं उठोलं तवा पातूर आलं होतं."

मी सगळं सांगितलं. मध्ये दोनदा रडले.

"जोरात धरला होता काय कान?"

"लाल झाला होता ताई."

"मंग मी नसन. मी कुठं येवढा जोरानं धरतो!"

मी हसले. त्याही हसल्या.

"पोरगी खाऊन राहिली का नाई?" त्यांनी विचारलं.

"खाते आहे."

"बस मंग. तू कायले इचार करून राहिली? उद्यापासून कान धराले लाव. रडले तं रडू दे दोन दिस."

लावलं. कुणीच रडलं नाही. आधी मी माझाच कान पुढे केला, मुलांना ते फार आवडलं. तडाला अजून बोलत नाही, पण यामिकानीचा कान धरते, आणि तो नाव घेईपर्यंत सोडत नाही.

मी पुष्कळ विचार केला. पोराच्या कानाला मुंगी चावली असेल. उशिरा आलेल्या पोराला दुसऱ्या कुणीतरी कान धरायचा खेळ शिकवला असेल. पण मग आजी कुठून आली? आणि ती नेमकी त्याच रिकाम्या जागेवर, त्याच वेळी कशी? कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी भांडणार नाही.

परत यायला अजून बारा दिवस आहेत. सिंधूताईंच्या लेकीला सातवा महिना लागला आहे. बाळंतपणाला जाता येणार नाही, असं त्या फोनवर सहज बोलून गेल्या – स्वयंपाकघर सोडलं तर ती जागा दुसरीला देतील ही भीती. ताई, तुम्ही हे वाचणार नाही, पण कुणी वाचून दाखवलं तर ऐका. तुम्ही पातूरला जा, चांगला सव्वा महिना राहा. तेवढे दिवस तुमच्या चुलीपाशी मी उभी राहीन आणि ती जागा तुमच्याच नावाची ठेवीन. एवढ्याने फिटेल असं नाही. पण सुरुवात तिथून करीन.