टोपी काढायची वेळ

बेसबॉलचा सामना सुरू होण्याआधी राष्ट्रगीत होतं. दोन्ही संघांतली मुलं मैदानातल्या पांढऱ्या रेषांवर ओळीने उभी राहतात आणि टोपी काढून छातीशी धरतात. मुलगा शाळेच्या संघात आल्यापासून हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. तेवढ्यापुरतं पुस्तक मिटून उभं राहायचं, एवढाच माझा त्याच्याशी संबंध होता. दोन हजार सहाच्या वसंतात मात्र मला त्या मिनिटभराची धास्ती बसली.

आम्ही तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला राहत होतो. नवरा नागपूरचा, मी पुण्याची. पुण्यात मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. इकडे त्याच्या व्हिसावर आले, त्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणून मी वाचत असे. सामन्यालासुद्धा पुस्तक घेऊन जायची. नवरा ऑफिसातून थेट यायचा, टाय सैल करून ॲल्युमिनियमच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी बसायचा आणि मला खेळ समजावून सांगायचा. मी 'हं' म्हणत पान उलटायची. तो चिडायचा नाही. मुलगा कॅचर होता. फेकणाऱ्याच्या समोर, फलंदाजाच्या मागे, तोंडावर जाळी आणि छातीवर चिलखत बांधून उकिडवं बसायचं, हे त्याचं काम. "सगळ्यात जास्त मार यालाच बसतो," नवरा कौतुकाने सांगायचा.

मार्चमध्ये, मोसमाचे पहिले काही सामने झाले होते तेव्हा, नवरा गेला. सकाळी ऑफिसला जाताना छातीत दुखलं असावं. त्याने गाडी कडेला घेतली होती, ब्लिंकर लावले होते. पोलिसाने मला हे दोनदा सांगितलं, जणू त्याची स्तुतीच करत होता. असा तो माणूस होता. मागून येणाऱ्याला त्रास नको.

त्याच्याबरोबर आमचा त्या देशातला मुक्कामही संपला. ग्रीन कार्डाची रांग अर्धवट राहिली होती. वकील फोनवर हळू आवाजात म्हणाला की अर्ज करून आणखी काही आठवडे मिळवता येतील, त्यापुढे अवघड आहे. मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. अकरावीत होता.

"सीझन संपेपर्यंत राहता येईल?" त्याने विचारलं.

"कधी संपतो?"

"डिपेंड्स. जिंकत राहिलो तर लांबतो."

बाप गेल्यानंतर त्याने मागितलेली ती एकच गोष्ट होती. मी हो म्हटलं. कसं जमवायचं ते मला ठाऊक नव्हतं.

नागपूरहून मोठे दीर आले. आधीच्या भेटीचा व्हिसा शिल्लक होता म्हणून येऊ शकले. त्यांनी घर ताब्यात घेतलं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. सुतकात चूल पेटवायची नाही म्हणून मॉरिसव्हिलची माझी मैत्रीण रोज डबा आणत होती. संघातल्या मुलांच्या आयांनाही दुःखाच्या घरी जेवण पाठवायची रीत होती. त्यांचे चिकन घातलेल्या पास्त्याचे मोठमोठे ट्रे दारात येऊन पडत. दीर ते अंगापासून लांब धरून गॅरेजमध्ये नेऊन ठेवायचे. "माणसं चांगली आहेत," ते म्हणायचे, "पण काय हे!"

मुलाचे त्या दिवसांतले सामने बुडाले. त्याने एकदाच विचारून पाहिलं.

"सुतकात खेळायला जाणार? लोक काय म्हणतील?" दीर म्हणाले.

"इथे कोण लोक, काका?"

"मी आहे ना, लोक."

मुलगा हसला. त्या आठवड्यात घरात कोणी हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

दहाव्याचे विधी गॅरेजमध्ये झाले. गुरुजी एरवी सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करत, रजा घेऊन आले होते. दिरांनी आधीच त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. "पूर्ण मुंडण नको. दोन केस कापले तरी चालतात हल्ली. पोराला शाळेत जायचंय."

मुलगा पाटावर बसला होता. त्याने मान वर करून विचारलं, "आजोबा गेले तेव्हा बाबांनी काय केलं होतं?"

दिरांनी गुरुजींकडे पाहिलं. "त्याने पूर्ण केलं होतं."

"मग माझंही पूर्ण."

मैत्रिणीच्या नवऱ्याने घरून दाढीचं मशीन आणलं. भिंतीशी बॅटी उभ्या होत्या, शेजारी नवऱ्याचा ग्लव्ह पडला होता. अंगणात मुलाबरोबर चेंडू झेलायला तो वापरायचा. मुलाचे दाट केस त्याच्यावरही पडले. नंतर मी ते झाडले.

सुतक संपल्यावरच्या पहिल्या सामन्याला जायच्या आदल्या दिवशी मी म्हणाले, "लोक बघतील, वाईट वाटून घेऊ नकोस."

"हेल्मेट असतं आई. मास्क असतो."

"आणि राष्ट्रगीताला?"

त्याने टोपी बॅगेत टाकली. त्याचाही विचार करून झाला होता, हे मला कळलं.

त्या दिवशी मैत्रीण थर्मासमध्ये चहा घेऊन माझ्याबरोबर आली. रेकॉर्ड सुरू झाली आणि मुलांनी टोप्या काढल्या. मी माझ्या मुलाचं डोकं शोधत होते आणि मला ते सापडेना. पूर्ण ओळीत एकाच्याही डोक्यावर केस नव्हते. पांढरी, गुलाबी, एक काळं, सगळी डोकी उन्हात चकचकत होती.

"अगं बाई!" मैत्रिणीने माझा दंड घट्ट धरला. "हे काय केलं या पोरांनी? यांचे बाप तर इथे बसलेत!"

राष्ट्रगीत संपल्यावर पिचरची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुलाची, आई मागे वळली. तिचे डोळे भरले होते. मुलांनी माझ्या नवऱ्यासाठी केलं, म्हणाली. आदल्या संध्याकाळी सगळी तिच्या स्वयंपाकघरात जमली होती, तिनेच मशीन फिरवलं होतं. मी तिचे हात हातात घेतले, आभार मानले. मनापासून मानले. पण तिच्या पलीकडे तिचा नवरा बसला होता, लालबुंद मानेचा, सूर्यफुलाच्या बिया चघळत कपात थुंकणारा धडधाकट माणूस, आणि मी त्याच्या छातीकडे बघत होते, ती वरखाली होते आहे का म्हणून.

आमच्याकडे वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुलाचं असं डोकं दिसलं की पुढचा माणूस आवाज खाली आणून विचारतो, "वडील?" बाप हयात असताना असं करू नये, हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. ते जिभेच्या चवीसारखं आत असतं. मी शिकलेली बाई. यात काही तथ्य नाही हे मी वर्गात उभी राहून उदाहरणांसकट सांगू शकले असते. त्या पायऱ्यांवर बसून मला ते स्वतःला सांगता येईना.

"दृष्ट काढायला हवी सगळ्यांची," मैत्रीण पुटपुटली.

"इथे मीठ-मोहऱ्या कुठून आणू?"

ती उठली. खाण्याच्या खिडकीवरून फ्राइजबरोबर मिळणाऱ्या मिठाच्या पुड्या घेऊन आली, मुठीत धरल्या आणि शालीआडून मैदानाच्या दिशेने ओवाळल्या.

"हे जाळायचं असतं ना गं?"

"नॉर्थ कॅरोलायनात फेकलं तरी चालतं," ती म्हणाली आणि पुड्या कचऱ्याच्या पिंपात टाकून आली. पिचरच्या आईने कुतूहलाने विचारलं तेव्हा तिने शांतपणे उत्तर दिलं, "गुड लक."

संघ तो सामना जिंकला. पुढचाही जिंकला.

त्यानंतर मी पुस्तक न्यायची, पण उघडायची नाही. कोणाचा बाप आला आहे, कोणाचा अजून यायचा आहे, एवढंच बघायची. एकदा पहिल्या बेसवरच्या मुलाचा बाप सामना अर्धा झाला तरी आला नव्हता. फाटकाशी त्याची गाडी वळताना दिसली तेव्हा मला घाम फुटला होता. हायवेवर ट्रॅफिक होता, एवढंच. यातलं मुलाला मी काही सांगितलं नाही. त्याच्या हातात जे थोडे आठवडे उरले होते त्यांवर माझी सावली कशाला?

घर रिकामं होत होतं. पलंग गेले, आम्ही गाद्यांवर झोपत होतो. दीर परत गेले होते, ते दर रविवारी फोन करायचे. "तिकीट काढलं?" संघ जिंकत होता, म्हणून मी दर रविवारी म्हणायची, "पुढच्या आठवड्यात सांगते." मुलाला कोणी काही विचारलं की तो सामन्याबद्दल बोलायचा. बापाबद्दल अक्षरही नाही. त्याच्या पांढऱ्या विजारीला तिथली लाल माती लागायची आणि ती धुण्यात माझ्या संध्याकाळी जायच्या.

हळूहळू सगळ्यांच्या डोक्यांवर केस आले. मे महिन्यात संघ बाद फेरीत पोचला, म्हणजे हरलं की मोसम संपला. त्या आठवड्यात पिचरच्या आईचा फोन आला. मुलं पुन्हा तिच्याकडे जमणार होती, पुन्हा डोकी करायला. पहिल्यांदा केली तेव्हापासून जिंकतायत ना, ती हसत म्हणाली, आता ते त्यांचं नशीब झालंय. माझा मुलगाही येणार ना?

मी म्हणाले, त्याला विचारते. फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. नको म्हणायला मी कोण? आणि काय म्हणून सांगणार होते, तुमच्या लेकराने माझ्या लेकराच्या दुःखात हात दिला, त्याने माझी झोप उडाली आहे म्हणून? मुलगा आला तेव्हा मी फक्त निरोप सांगितला. "माहितेय," तो म्हणाला आणि ग्लव्ह घेऊन तिच्याकडे गेला.

सामना परगावी होता. मुलं रेषेवर उभी राहिली, टोप्या निघाल्या. डोक्यांवर केस होते, सगळ्यांच्या, ब्रशसारखे बारीक. कोणीही काही केलं नव्हतं.

संघ हरला. शेवटच्या डावात, एका धावेने. मुलं रडली. डगआउटजवळ, म्हणजे खेळाडू बसतात त्या छपराजवळ, जो तो आपल्या बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. माझा मुलगा गुडघ्यांवर बसून चिलखताचे पट्टे सोडत होता. मग उठून त्याने सगळ्यांची हेल्मेटं गोळा केली आणि कोचच्या गाडीत नेऊन ठेवली.

परतताना गाडीत मी विचारलं, "त्या दिवशी डोकी करायची होती ना?"

"मी नको म्हटलं."

"का?"

"टोल्ड देम द ट्रुथ. हे फक्त बाबा गेले की करतात. वन्स. लकसाठी नाही."

"मग?"

"मग मशीन तसंच ओट्यावर राहिलं." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "पिचर उठून बाहेर गेला आणि त्याने डॅडला फोन केला. बॅकयार्डमध्येच होता त्याचा डॅड. बर्गर भाजत होता. तरी फोन केला. विचारत होता, जेवायला काय आहे."

मी गाडी चालवत राहिले.

"आज त्यातला एक म्हणाला, केलं असतं तर जिंकलो असतो," तो म्हणाला. "मस्करीत म्हणाला. बट स्टिल."

"तुला वाटतं तसं?"

त्याने खिडकीची काच थोडी खाली केली. मग म्हणाला, "तू बुक उघडतच नव्हतीस आई. डगआउटमधून दिसतं सगळं. तू त्या सगळ्या डॅड्सकडे बघत बसायचीस."

कॅरीची पाटी आली तेव्हा त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काकांना सांग, तिकीट काढतोय म्हणून," तो म्हणाला. "कुठल्याही दिवसाचं चालेल."