हाताचं वजन

आयसीयूतल्या लोकांनी तिचं नाव कवायतबाई पाडलं होतं, आणि त्यात तिला वावगं काही वाटत नव्हतं. बेशुद्ध माणसाचा हात उचलायचा झाला तरी ती आधी त्याला बजावून सांगायची, "चला, उजवा हात. एक... दोन... वर!" आणि मगच उचलायची. समोरचा पाच दिवस डोळे मिटून पडलेला असो की पंधरा, बाईंच्या कवायतीत सूट नव्हती.

नवी आलेली सिस्टर एकदा हसून म्हणाली, "बाई, ह्यांना ऐकू गेलं असतं तर इथं कशाला आले असते?"

"म्हणून न सांगता ओढायचा होय त्यांचा हात? तुझा ओढला तर चालेल?"

सिस्टरनं जीभ चावली.

तेवीस वर्षं बाईंचं हेच काम. नऊ खाटा, सकाळ-दुपार दोन फेऱ्या. खांदा, कोपर, मनगट, बोटं, मग खाली कंबर, गुडघा, घोटा. पडून पडून सांधे धरतात, ते धरू द्यायचे नाहीत. छातीवर ओंजळीनं थापट्या मारून कफ सुटा करायचा. हात लावण्याआधी कोमट पाण्याखाली तळवे धरायचे, कारण थंडगार हात लागला की बेशुद्ध अंगही आखडतं. दर रविवारी नखं मुळापर्यंत कापायची. नातेवाइकांपैकी कुणी ना कुणी तिला मालिशवाली समजायचंच. "बाई, जरा माझी पण पाठ बघा की," असं म्हणणारे महाभाग वर्षाला दोन तरी भेटत.

ह्या धंद्यात ती आली वडिलांमुळं. ते शिडीवरून पडले आणि दोन महिने गुंगीत होते. सगळ्या घरानं देव पाण्यात घातले, डोकं ठिकाणावर आलं, पण तोवर गुडघ्यांची लाकडं झाली होती. पुढची अकरा वर्षं ते खुर्चीत बसून सगळ्यांवर ओरडत राहिले. पोरगी तेव्हा सतरा वर्षांची होती. माणूस परत येईल तेव्हा त्याला वापरायला अंग शिल्लक पाहिजे, एवढं तिला त्या खुर्चीनं शिकवलं.

माणूस परत येणार की नाही, हे मात्र ती कधीच सांगायची नाही. दाराबाहेरच्या बाकावरचे लोक तिला गाठायचे, कारण डॉक्टर येत पाच मिनिटं आणि ही बाई वीस-वीस मिनिटं पेशंटच्या अंगाला हात लावून उभी. "ताई, तुमच्या हाताला काय वाटतं?" तिचं उत्तर ठरलेलं. "मी सांधे हलवते हो. बाकीचं डॉक्टरांना विचारा."

पूर्वी ती अशी नव्हती. नऊ वर्षांपूर्वी एका विशीतल्या मुलाच्या तळव्यात तिनं दोन बोटं ठेवली आणि म्हणाली, "धर." त्यानं घट्ट धरली. पुन्हा ठेवली, पुन्हा धरली. आनंदाच्या भरात ती बाहेर गेली आणि त्याच्या आईला सांगून बसली, "अहो, तो माझं ऐकतोय!" डॉक्टरांनी मुलाकडं बघितलं आणि तिला बाजूला घेतलं. "आता 'सोड' म्हणा." ती दहा वेळा म्हणाली. बोटं सुटली नाहीत. तान्ह्या बाळाच्या तळव्यात काही ठेवलं की मूठ आपोआप मिटते ना, तसलं ते धरणं होतं. त्यात ऐकणं काही नव्हतं.

पण बोललेलं परत घेता येत नाही. आईनं त्या एका वाक्याला घट्ट धरून मुलाला अकरा महिने घरी सांभाळलं. नळीनं भरवलं, कूस बदलली, पाठीला एकही जखम होऊ दिली नाही. तो गेल्यावर ती एकदा भेटायला आली. रागावली नाही, रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "मी रोज त्याच्या हातात बोट द्यायचे. तुम्ही सांगितलं होतं ना." रागावली असती तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या दिवसापासून तिनं कानाला खडा लावला.

सहा नंबरच्या खाटेवर वायरमन आला तो असा. खांबावर काम करताना शॉक बसला, खाली कोसळला, हृदय बंद पडलं. सोबतच्या माणसानं छाती दाबत ठेवली म्हणून दवाखान्यापर्यंत तरी पोचला. हृदय चालू झालं, पण माणूस काही जागा होईना. शॉकनं दंडा-मांड्यांचे स्नायू भाजले होते, त्याचा गाळ मूत्रपिंडात जाऊन लघवी बंद. मग डायलिसिस. व्हेंटिलेटर तर होताच.

त्याची बायको घरी शिवणकाम करायची. बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ती टोपी तशीच घालून आली होती आणि दुसऱ्या दिवशी तिच्या ते ध्यानात आलं. सोबत थोरला दीर, ट्रक चालवणारा, लांबच्या फेरीवरून गाडी तशीच टाकून आलेला.

मोठे डॉक्टर तोलूनमापून बोलणारे. "मरेल" किंवा "जगेल" असं ते म्हणत नसत. म्हणत, "अशा शंभर माणसांतली इतकी जागी होतात, आणि जागी झालेल्यांतली इतकी स्वतःच्या हातानं जेवतात." एका तपासणीवर ते कधी विसंबत नसत. बुबुळांवर उजेड टाकून बघायचे, नखावर पेन दाबून बघायचे आणि मेंदूच्या लहरींचा कागद काढायचे. वायरमनची बुबुळं हलत होती, पण आळसावल्यासारखी. नख दाबलं तर काही नाही. लहरींचा कागद म्हणजे साचलेलं पाणी. झोपेचं औषध बंद करून तीन दिवस झाले होते. पाचव्या दिवशी त्यांनी बायकोला आणि दिराला सांगितलं, आशा फार कमी आहे, उद्या चार वाजता बसून मशीनचं ठरवू.

त्या उद्याच्या सकाळी बाई सहा नंबरवर आल्या.

"चला, डावा हात. एक... दोन... वर!"

हात वर गेला, पण काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. भरलेली समजून बादली उचलावी आणि ती अर्धीच निघावी, तसं. बेशुद्ध माणसाचा हात जड असतो. अंगाचा ताठरपणा असला तर तो उलट ओढतो. हा ओढत नव्हता. 'दोन'नंतर तो हलका झाला होता.

तिनं हात खाली ठेवला. इकडंतिकडं बघितलं. मग तोंडातून शब्द न काढता तसाच उचलला. जड. पुन्हा गप्प राहून उचलला. जड. मोठ्यानं म्हणाली, "एक... दोन..." आणि हलका. डोळ्यांना दिसण्यासारखं काही नव्हतं, बोटसुद्धा हललं नव्हतं. सहा वेळा बोलून, सहा वेळा गप्प राहून केलं. बोलून केलेल्या सहांपैकी चार वेळा हलका लागला, गप्प राहून एकदाही नाही.

तिला आनंद झाला नाही, ती आई आठवली.

उरलेल्या तीन खाटा तिनं कशा केल्या, तिलाच माहीत. गप्प बसलं तर चार वाजता मशीन काढायचं ठरेल. बोललं आणि चुकलं, तर आणखी एक बाई कुणाच्या तरी तळव्यात बोट देऊन बसेल. साडेअकराला तिनं मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं.

"सहा नंबरचा डावा हात मला हलका लागतो."

"हलका म्हणजे?"

"मोजून उचलला तर. न मोजता उचलला तर नाही."

डॉक्टर थांबले. "बाई, ह्याला कागदावर रकाना नाही."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर जिन्यात सांगतेय."

ते हसले नाहीत. आत आले, पेनानं नख दाबलं. काही नाही. कानाशी जोरात हाक मारली. काही नाही. मग कोपराखाली हात घातला आणि म्हणाले, "मोजा." तिनं मोजलं. पाच वेळा. त्यांनी मान हलवली.

"मला काही कळलं नाही."

"तुम्ही रोज कुठं उचलता?" तिच्या तोंडून निसटलं, आणि मग ती वरमली.

"तेही खरंच आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांनी खाटेच्या पायाशी लटकवलेली फाइल घेतली आणि मागं मागं उलटत गेले. औषधांच्या पानावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहिले. "झोपेचं औषध चार दिवसांपूर्वी बंद केलं, म्हणून मी धरून चाललो की उतरलं असेल. पण लघवीच बंद असेल तर ते बाहेर पडणार कुठून? डायलिसिसनं ते म्हणावं तसं निघत नाही. हे मी कालच बघायला पाहिजे होतं." नख दाबल्यावर दाद न देणं आणि लहरी मंद होणं, दोन्ही गोष्टी त्या औषधानंही होतात. "म्हणजे तुमचा हात खरा ठरला असं नाही हं, बाई. माझा कालचा अंदाज कच्चा होता, एवढंच."

चार वाजता त्यांनी तिलाही बोलावलं. खोलीत चार खुर्च्या, एक टेबल, आणि कागदी रुमालांचा डबा. डॉक्टरांनी औषधाचं सगळं सरळ सांगितलं, स्वतःची चूकही. म्हणाले, "आज ठरवायला नको. आणखी थांबू."

दिरानं हात जोडले. बायको मात्र तडकली.

"काल म्हणालात, आशा नाही. मी घरी जाऊन त्यांचे कपडे घडी करून ठेवले हो. मुलीला सांगितलं, बाबा येणार नाहीत. आज म्हणता थांबा. मी काय मशीन आहे का, हवं तेव्हा चालू-बंद करायला?"

"अगं, डॉक्टर बरंच सांगतायत ना..." दीर म्हणाला.

"भाऊजी, तुम्ही गप बसा." ती बाईंकडं वळली. "ह्यांना कशाला बोलावलंय? ह्या कवायत घेतात ना? तुम्ही सांगा काय ते."

नऊ वर्षं तयार असलेलं उत्तर ओठांवर होतं, सांधे हलवते म्हणून. बाईंनी ते गिळलं. हात कसा हलका लागला, किती वेळा लागला, किती वेळा नाही लागला, ते सांगितलं. डॉक्टरांना तो लागला नाही, हेही सांगितलं. आणि मग त्या मुलाचंही सांगितलं. धर म्हटलं तेव्हा त्यानं धरलं, मी त्याच्या आईला सांगितलं, आणि ते खोटं निघालं.

"म्हणजे आजही खोटं असेल."

"असेल. मला खरंच माहीत नाही."

मग बायको उठली. "मला उचलू द्या."

सहा नंबरवर बाईंनी तिचा तळवा त्याच्या कोपराखाली नीट बसवून दिला आणि मोजलं. तीनदा. बायको नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. "मला त्यांचा हात कसा लागतो तेवढंच कळतंय," ती म्हणाली. "हलका की जड, ते नाही." तिनं हात हळूच गादीवर ठेवला, बाही सारखी केली. "तीन दिवस थांबते. मुलीला आज काही सांगणार नाही. त्याच्यापुढचं मला कुणी काही विचारू नका."

पहिल्या दिवशी हात हलका लागला नाही. बाईंनी ते तसंच बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि हात ओंडक्यासारखा झाला. तेही सांगितलं. बायको मान डोलवायची आणि पाण्याची बाटली घेऊन बाकावर जाऊन बसायची. दीर म्हणाला, "बाई, थोडं तरी गोड बोला की हो." बाई म्हणाल्या, "गोड बोलून झालंय माझं."

तिसऱ्या दिवशी सकाळी नवी सिस्टर धावत आली. घशातली नळी साफ करताना वायरमननं तोंड वेडंवाकडं केलं होतं आणि डावा हात उचलून तिचं मनगट बाजूला ढकललं होतं. दुपारी डॉक्टरांनी "अंगठा वर करा" म्हटलं. लागलीच नाही, पण डॉक्टर दुसऱ्या खाटेकडं वळल्यावर, जरा उशिरा, त्यानं अंगठा वर केला. तो आधी दिराला दिसला. एवढा दांडगा माणूस भिंतीकडं तोंड करून रडला.

इथं गोष्ट संपवली तर ऐकायला बरी वाटेल. पण वायरमन सात आठवड्यांनी घरी गेला आणि त्यानंतर दर आठवड्याला बायकोसोबत बाईंकडं खांद्याच्या व्यायामाला येऊ लागला. लघवी सुरू झाली होती, चालत होता, जेवत होता. जुनं सगळं आठवत होतं, लग्नात कोण रुसलं होतं इथपर्यंत. नवीन मात्र डोक्यात टिकत नव्हतं. दर वेळी बाईंना विचारायचा, "तुम्ही नव्या का?" आणि खांदा ताणला की खच्चून शिवी द्यायचा.

एकदा तो पट्ट्याला धरून हात ओढत होता, तेव्हा बायको शेजारी बसून म्हणाली, "रोज सकाळी उठून टेस्टर शोधतात. कामाला उशीर झाला म्हणतात. रोज मी सांगते काय झालं ते. रोज त्यांचं तोंड पहिल्यांदाच ऐकल्यासारखं पडतं." तिनं नवऱ्याचा पट्टा सारखा केला. "त्या दिवशी तुम्ही बोललात ते बरं केलंत की वाईट, माझं अजून ठरत नाही."

बाईंनी मान खाली घातली नाही. "मलाही ठरवता येत नाही."

"मुलीला विचारलं तर ती म्हणते, बाबा मला गणितं शिकवतात. तेवढीच आठवतात त्यांना." बायकोला हसू आलं आणि ते पुसूनही गेलं. "ताई, पुढं अजून सुधारेल?"

"सहा महिने सुधारतं. नंतरही थोडं होतं, पण वेग कमी होतो. ह्यांचं किती होईल ते मला सांगता यायचं नाही. दर महिन्याला बघू आणि जे दिसेल ते तुम्हाला सांगेन. नाही दिसलं तरी सांगेन."

बायकोनं पिशवीतून वही काढली, त्यात तारीख घातली आणि बाईंपुढं धरली. "मग हे सगळं लिहून द्या. खांदा किती वर जातो, काय आठवतं, काय नाही. पुढच्या महिन्याच्या पानाशी मी ताडून बघेन."

बाईंनी पेन घेतलं. तिकडून वायरमन ओरडला, "अहो बाई, झालं का? खांदा तुटायला आलाय माझा!"

"अजून चार," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या.