आक्काच्या हातचं माप

रुबीना मुजावरला आमच्या गावात ‘येड्यांची डॉक्टर’ म्हणायचे. पयला म्हणणारा मीच! बिद्रीजवळच्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा सचिव. जिभेला हाड न्हाय.

माझी थोरली बहीण आक्का नवरा गेल्यावर माझ्याकडं राहायला आली. सकाळी ती समोर दिसली की कामाला निघालेला माणूस अपशकुन म्हणून मागं फिरायचा. आक्कानं आधी बाहेर पडणं सोडलं, मग बोलणं, मग जेवण. ती आता हातची जाणार, हे दिसत हुतं. नाक मुठीत धरून मी शहरातल्या शाहूपुरीत रुबीनाचा दवाखाना गाठला.

रुबीना तिथल्या महंमद मुजावरची, पत्र्याचं काम करणाऱ्याची लेक. लहानपणी तोतरी. बापानं घरात दम भरला, पोरीला कुणी हसायचं न्हाय, मधी तोडायचं न्हाय. वर्षात पोरगी घडाघडा बोलाय लागली, पुढं मानसशास्त्रात डॉक्टर झाली. म्हणती, “औषध मला न्हाय, ऐकणाऱ्यांना दिलतं.”

आठवडाभर ती पहाटे स्कूटरवरनं यायची, आक्काशेजारी दारात बसायची. मला म्हणाली, “आण्णा, आक्काला बघून किती जण मागं फिरत्यात, तेवढं मोजा.”

“दहा,” मी सांगितलं.

“तुमाला धरून?”

तोंडात मारल्यागत झालं की वो! मी बी दोनदा चप्पल काढून परत बसलतो.

मग तिनं संस्थेत दूध मोजायचं माप आक्काच्या हातात द्यायला लावलं. राम राम घातल्याशिवाय माप न्हाय! पयल्या दिवशी दूध घालायला आलेला पिराजी तोंड फिरवून उभा. आक्कानं त्याच्या किटलीला हात लावला न्हाय. शेवटी दूध नासंल म्हणून गडी पुटपुटला, “राम राम, आक्का.” आईच्यान सांगतो, महिन्यात अख्खा गाव मोठ्यानं म्हणाय लागला. ना भाषण, ना भांडण! आक्का पोटभर जेवाय लागली. आज आसपासच्या नऊ गावांत विधवा बायकाच माप धरत्यात. काय डोकं म्हणायचं का काय हे!

परवा पिराजीनं नवी म्हस थेट संस्थेच्या दारात आणली. “आक्का, कुंकू तुमीच लावा. रोज पयलं तोंड तुमचंच बघतो, माझं काय वंगाळ झालं?”

माझी बायकू पळत जाऊन कुंकवाचा करंडा घेऊन आली. आक्कानं म्हशीला कुंकू लावलं आणि भरल्या बोटानं तशीच उभी राहिली.

मी कपाळ पुढं केलं. नवरा गेल्यापासनं सात भाऊबीजा मी तिला ओवाळू दिलं नव्हतं.