अक्षतांवर घेतलेला आळ

आमच्या घरी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा होते, आणि पुढे वर्षभर त्यात काहीही बिघडलं की मी दोष त्या पूजेलाच देते.

माझ्या मुलीला, तन्वीला, पोर्तुगालच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. वसतिगृहाचा फॉर्म पाचच्या आत भरायचा होता, नाहीतर खोली दुसऱ्याला! आणि बाईसाहेब व्हिसाच्या कामाला वीर स्टेशनवरून मुंबईच्या गाडीत बसलेल्या.

"आई, फक्त पत्ता राहिलाय. प्रवेशाच्या पत्रात आहे तस्सा टाइप कर."

"मी टायपिंगची चाळीसची परीक्षा पास आहे," मी म्हटलं. (मिनिटाला चाळीस शब्द! हे मी कुणालाही, कधीही सांगते.)

पत्ता टाइप केला. फॉर्म म्हणे, जुळत नाही! चष्मा लावून पत्र पाहिलं, तर रस्त्याच्या नावातल्या c ला खाली शेपूट आणि शेजारच्या a च्या डोक्यावर नागमोडी रेघ. पत्र स्कॅन केलेलं, त्यामुळे अक्षरं उचलून चिकटवताही येईनात. पुन्हा फोन.

"आल्ट दाबून ठेव आणि उजवीकडच्या आकड्यांवर ०२३१ टाइप कर. ç येईल. ã ला ०२२७. वरच्या ओळीतले आकडे नको हं, ते चाल—"

रेंज गेली.

दाबलं. काहीतरी भलतंच आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. साडेचार वाजले तेव्हा लक्षात आलं, उजवीकडचा दोन दबतच नव्हता! आणि दोन्ही अक्षरांना दोन लागतो!

"जोरात दाब ना गो!" सासूबाई मागून म्हणाल्या. "पोरीची खोली जायची."

"काय जोरात दाबू? तुमच्या अक्षता अडकल्यात त्यात! दर दसऱ्याला सांगते, यंत्रावर तांदूळ टाकू नका!"

"मी लांबून कुंकू लावते. तांदूळ टाकत नाय."

"मग काय उंदीर येऊन पूजा करतात?"

सासूबाईंनी तडक पिशवीत लुगडं कोंबलं. "मी चालले उमरठला, भावाकडं. तिथं कुणी माझ्यावर आळ घेत नाय."

पावणेपाच! मी एका हाताने त्यांची पिशवी धरली, दुसऱ्या हाताने कीबोर्ड उलटा करून आपटला. दोन ढिम्म. शेवटी सासूबाईंनीच अंबाड्यातली पिन काढून माझ्यापुढे धरली.

"घे. उचकट. बघू काय निघतंय."

दोनच्या खालून एक पिवळा, चपटा, वाळलेला दाणा निघाला. पाठोपाठ एक मोहरी.

सासूबाईंनी तो तळहातावर घेऊन खिडकीशी नेला. "तांदूळच हाय गो. पण कांडून, भिजवून, फोडणीला टाकलेला."

पोहे! वेळ वाचावा म्हणून गेली कित्येक वर्षं मी सकाळचे पोहे कॉम्प्युटरसमोर बसून खाते.

दोन दबला. ç आलं, ã आलं. पाचला दोन मिनिटं असताना फॉर्म गेला आणि तन्वीची खोली वाचली.

सासूबाई उमरठला गेल्या नाहीत. त्या इथेच आहेत, आणि रोज सकाळी माझी पोह्यांची बशी दिसली की विचारतात, "तुला हायत का गो, का यंत्राला नैवेद्य?"

चाळीसची परीक्षा पास असल्याचं मी हल्ली कुणाला सांगत नाही.