तारा जोडायच्या आधीच वाजलेला सबवूफर

या सदरातले चकवे, हडळी आणि पांढऱ्या साड्या मी जेवताना वाचतो, आणि घास कुठे अडकत नाही. माझा धंदाच तसा आहे. चिखलीत खामगाव रोडला माझं कार डेकोरचं दुकान आहे. सीट कव्हर, काचांची फिल्म, आणि मुख्य काम म्हणजे म्युझिक सिस्टीम. आवाज आला की त्याला कारण असतं, हे मी रोज बघतो. इंजिनाबरोबर वाढणारी कुईंकुईं ऐकू आली की अर्थिंग कच्चं. खरखर आली की पिन सैल. कारण सापडलं नाही तर दोष माझ्या शोधण्यात... असं मी आता-आतापर्यंत मानत होतो.

आधी गुलाबकाकांबद्दल सांगतो. वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलणंही नाही. लग्न झालं नाही – कोणी करून दिलं नाही असं म्हणा. अमडापूरला आमचं भाजीपाल्याचं शेत आहे. टमाटे, वांगी, मेथी. काका जन्मभर त्याच शेतात राबले, आणि वडील गेल्यावर माझ्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या, हाताखाली राहिले. गाव त्यांना 'मुका' म्हणायचं. ज्या दादाला त्यांनी खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं, तोही 'मुका'च म्हणायचा.

हाक मारता येत नाही म्हणून काका तळहाताने ठोकायचे. भिंत, पत्रा, खाट, जे समोर असेल ते. नुसतं एकसारखं ठोकलं तर चहा-पाणी हवं. दोन ठोके जवळजवळ आणि जरा थांबून तिसरा जोरात, म्हणजे 'ये, लवकर ये.' आमच्या घरात हे लहान लेकरालाही कळायचं. दादाला कळत नव्हतं असं कोणी मला सांगू नये.

एकदा बाजाराच्या दिवशी काका दुकानात आले, तेव्हा मी एका गाडीचं टेस्टिंग करत होतो. गंमत म्हणून त्यांचा हात धरून डिक्कीतल्या सबवूफरवर ठेवला आणि आवाज वाढवला. दचकले. हात काढला. परत ठेवला... आणि हसायला लागले. साठी ओलांडलेला माणूस पहिल्यांदा गाणं – ऐकत होता म्हणू? जे काय होतं ते. तेव्हापासून दर बाजाराला ते यायचे आणि जी गाडी उभी असेल तिच्या डिक्कीशी हात ठेवून उभे राहायचे. एखादं गिऱ्हाईक दात काढायचं, "बहिऱ्याले कायचं गाणं हो!" अशा गिऱ्हाइकाला मी चहा सांगत नसे.

आता तो दिवस. सकाळची वेळ, ऊन नुकतं तापायला लागलं होतं. डोणगावचे एक गृहस्थ नवी गाडी घेऊन आले होते, सबवूफर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवायला. गाडी कशा अवस्थेत होती ते नीट वाचा, कारण नंतर मला शहाणपण शिकवणारे खूप भेटलेत. बॅटरीची निगेटिव्ह तार मी स्वतः काढून ठेवली होती. कोणत्याही वायरिंगच्या आधी काढतोच. अ‍ॅम्प्लिफायर अजून पॅक होता. सबवूफरचा बॉक्स तेवढा डिक्कीत ठेवला होता, बरोबर बसतो का ते बघायला. त्याला एक तार जोडलेली नव्हती. मी अर्थिंगसाठी मागच्या पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडत होतो.

आणि वूफर वाजला. धप् धप्... धप्.

गाडीवाले बाहेर स्टुलावर बसले होते. ते उठून आले. "भाऊ, तार तं जोडलीच नाही ना तुम्ही अजून?"

"नाही," मी म्हणालो.

परत वाजला. या वेळी मी बघत होतो. मधला पडदा बाहेर आला, आत गेला. बाहेरच्या दणक्याने पडदा हलू शकतो हे मला माहीत आहे. म्हणून रस्त्यावर जाऊन बघितलं. ना डीजे, ना बोअरची मशीन. वूफरची दोन्ही टोकं एका तुकडा तारेने एकमेकांना जोडली. असं केलं की पडदा जड होतो, सहजी हलत नाही. तरी धप् धप्... धप्. तोवर डोक्यात शिरलं होतं की हे ठोके मी ओळखतो.

मी तिथूनच दादाला फोन लावला. एक हात बॉक्सवरच होता.

"दादा, काका कुठी हायेत?"

"हाय तिकडे मोटारीच्या खोलीत. काऊन?"

त्याच्या आवाजामागे, लांबून, पत्र्यावर ठोके पडत होते. दोन जवळजवळ, मग एक. आणि त्या प्रत्येक ठोक्याला माझ्या हाताखालचा बॉक्स हादरत होता. चिखलीत. एकाच वेळी.

"ते बोलवून राह्यले, दादा. जाऊन पाह्य ना!"

"कवाचा बडवून राह्यला तो. चाय पाहिजे असंन मुक्याले. माल भरून राह्यलो बे मी, गाडी मार्केटले जायची हाय."

"चाय नाही ते! नीट ऐक—"

"तू तुह्यं काम कर." फोन बंद.

परत लावला, उचलला नाही. गावातल्या मित्राला लावला, तर तो धामणगाव बढ्याला सोयऱ्यांकडे गेलेला. गिऱ्हाइकाची गाडी तशीच उघडी टाकून मी मोटारसायकल काढली.

शेतात पोचलो तेव्हा दादा भरलेल्या पिकअपवर ताडपत्रीची दोरी आवळत होता. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची खोली तिथून दिसते. मधे वांग्याचे वाफे, बाकी काही नाही. काका पत्र्याच्या दाराला पाठ लावून बसले होते. पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा पडलेला. घोणस चावली होती. ठोकून ठोकून उजव्या तळहाताची कातडी फाटली होती. मला बघून त्यांनी तो हात उचलला आणि माझ्या छातीवर ठेवला. मग डोळे मिटले.

टमाट्याच्या क्रेटवर गोधडी टाकून त्यांना बुलडाण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कधी चावला? दादा म्हणाला, "आत्ताच, साहेब." मी म्हणालो, "नाही. लई वेळ झाला. हा तिथीच होता." दिवस मावळायच्या आत काका गेले.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर दादा मला म्हणाला, "लोकायसमोर बोलाचं काही अडलं होतं काय?" एवढंच त्याला लागलं होतं.

पुढचं अजून ऐका. दसव्याला ही वूफरची हकीकत दादाच सगळ्यांना सांगत होता. डोळ्यांत पाणी आणून. "काकाचा जीवच होता आमच्यावर, पाहा ना, बिनातारेचा डब्बा वाजला!" बायका पदराने डोळे पुसत होत्या. कोणी म्हणालं पुण्यात्मा, कोणी म्हणालं दत्ताची कृपा. वूफर कसा वाजला हे मला तेव्हापासून शंभर लोकांनी विचारलं असेल. पत्रा वाजत होता तेव्हा तू काय करत होतास, हे दादाला एकानेही विचारलं नाही. माझ्याच तोंडाला कडू चव आहे बहुतेक, बाकी सगळ्यांना गोष्ट गोड लागते.

मी तो वूफर खोलून बघितला. कॉइल, पडदा, तारा, सगळं ठीक. डोणगाववाल्यांना दुसरा दिला आणि हा दुकानात ठेवून घेतला. बाजाराच्या दिवशी शटर ओढून त्यावर हात ठेवून बसतो. परत कधी हलला नाही. उत्तर माझ्याकडे नाही. कोणी इथे सुचवलं तर वाचेन, पण हवेचा दाब वगैरे सांगू नका, ते मी तुमच्याआधी तपासलंय.

यंदा दादाने नवी गाडी घेतली आणि माझ्याकडेच आणली. "मोठावाला सबवूफर टाक, घरचं काम हाय." मी नाही म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही. उलट हाताने निवडून सगळ्यात भारी बॉक्स बसवला, रंग चकचकीत पत्र्यापर्यंत खरवडला, एक-एक जोड दोनदा आवळला. एवढं मन लावून मी कोणाचंच काम केलेलं नाही. मला तो वाजायला हवा होता. रस्त्यात, दादा एकटा असताना, सिस्टीम बंद असताना. एकदा तरी.

दर आठवड्याला फोन करून विचारतो.

"दादा, सिस्टीममधी काही वेगळा आवाज येते काय? ठोकल्यासारखा?"

"नाही बे. एकदम साफ हाय. पोरं तं मांगं झोपून जातात."