दुकानात धावतो, राजूरला अडखळतो

त्या उन्हाळ्यात माझी झोप दोघांनी उडवली होती. एक, आमच्या दुकानातून गेलेला पहिला गेमिंग कॉम्प्युटर. दुसरी, माझी चार वर्षांची मिनू. ती दुपार झाली की किरकिर करायची आणि काय होतंय ते सांगायची नाही. थर्मामीटर लावावा तर ताप नाही. मी कॉम्प्युटर सायन्स शिकलेली. दोन्हीकडे उपयोग शून्य!

यवतमाळात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं की गिऱ्हाइकं कमी आणि किस्सेच जास्त जमतात. कापसाचे हाल झाले, मंगेश (माझा नवरा) नोकरीला होता ते जिनिंग बंद पडलं, म्हणून आम्ही हे दुकान टाकलं. निरोपाच्या दिवशी जिनिंगच्या मालकानं ऑफिसच्या पडद्यांसाठी आणलेला जाड मखमली तागा त्याला देऊन टाकला. सासूबाईंनी शिवणाचं मशीन काढलं. फ्रिज, मिक्सर, टीव्ही, सगळे मरून रंगाच्या मखमलीत! उरलेल्या कापडाचा मिनूला फ्रॉक. सासूबाईंना 'नको' म्हणायचं शिक्षण मात्र माझं राहून गेलं.

*

तो गेमिंग कॉम्प्युटर घेतला अक्षयनं. तो इथं कॉलेजला, होस्टेलवर; सुट्टीत घरी राजूरला, बाबा तिथल्या कोळशाच्या खाणीत. मशीन नेताना म्हणाला, "मॅडम, हा मस्त चालला तं होस्टेलचे सगळे पोट्टे तुमच्याकडूनच घेतीन."

"आणि नाही चालला तर?"

"तं सगळे नागपूरले जातीन."

मंगेश हसला. मी हसले नाही. दुसरं मोठं गिऱ्हाईक आमच्याकडे नव्हतंच.

सासूबाईंनी त्या मशीनसाठीही मखमली कव्हर शिवलं होतं. खाली झालर, पुढं बटणासाठी काजं करावं तसं नेटकं भोक. "चालू असतानाबी काढाचं काम नाही," त्या म्हणाल्या. अक्षय त्यांच्या पाया पडला.

*

तिसऱ्याच दिवशी फोन. "मॅडम, गेम रांगून राह्यला! फ्रेम रेट पार खाली."

एका सेकंदात पडद्यावर किती चित्रं बदलतात, तो फ्रेम रेट. तो पडला की पळणारा माणूस थांबत थांबत पळतो. सासूबाईंना असं समजावलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे उमरखेडची एसटी."

मी अक्षयला विचारलं, "मॉनिटरची वायर कुठं लावली?" गेमची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची जागा खाली, आणि वायर वरच्या साध्या जागी! अक्षयच्या बाबांनी लावली होती. फोनवर तेच आले.

"ताई, खालची जागा नवीकोरी हाय. रोज वायर घालून खराब कायले करता?"

*

वायर बदलली, गेम धावला. मग पुन्हा रांगला. आता सेटिंगमध्ये वीज वाचवायचा पर्याय लावलेला निघाला.

"हे कोणी केलं?"

"म्या," बाबा म्हणाले. "ताई, मी कोळसा काढतो. वीज कशी बनते मले माहीत हाय. तुमी फक्त बटन दाबता!"

मी फोन अक्षयला द्यायला सांगितला.

*

तेही बदललं. तरी थोडा वेळ बरा, मग रांगणं सुरूच. शेवटी अक्षय मशीन मांडीवर घेऊन एसटीनं यवतमाळला आला. मखमली कव्हर बघून कंडक्टरनं विचारलं, "पेटी हाय का? भजनाले चालले?"

"नाही, गेम हाय."

"मंग कव्हर कायले वाया घालवलं?"

दुकानात मंगेशनं कव्हर काढून नीट घडी घातली, सगळं उघडलं, पंखे पुसले, पुन्हा बंद केलं. गेम दिवसभर हरणासारखा! अक्षय खूश होऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन: "मॅडम, पुन्हा रांगून राह्यला. राजूरची हवा लागली याले."

प्रोसेसर गार राहावा म्हणून त्यावर पेस्ट लावतात, ती मी लावली होती. चुकीची लावली असेल का, या विचारानं माझा जेवणातला रस गेला.

*

अक्षय पुन्हा आला तेव्हा तोंड पाडून. "मॅडम, पोट्टे विचारून राह्यले. काय सांगू?"

या वेळी मी मंगेशला म्हटलं, "तू हात लावू नको." आणि अक्षयला, "घरी जसं करतोस, अगदी तसंच कर."

अक्षयनं मशीन टेबलावर ठेवलं. वायरी लावल्या. कव्हर सारखं केलं, झालर नीट ओढली, भोकातून बोट घालून बटण दाबलं. दुकानात आलेल्या सासूबाई आणि मिनूसकट आम्ही सगळे पडद्याकडे बघत बसलो. गेम धावला. पंखे घरघरले. हळूहळू कोपऱ्यातला फ्रेम रेटचा आकडा उतरायला लागला, आणि पडद्यावरचा माणूस उमरखेडच्या एसटीसारखा चालायला लागला.

"पाहा!" अक्षय म्हणाला.

मंगेशनं कपाळाला हात लावला. सासूबाई म्हणाल्या, "नजर लागली."

मिनू स्टुलावर बसून मखमली फ्रॉकच्या गळ्यात बोट घालून मान खाजवत होती. ती उतरली, मशीनजवळ गेली, कव्हरवर हात ठेवून बघितला. मी तिच्या कपाळावर ठेवते तसाच.

"आई," ती म्हणाली, "त्याचा फ्रॉक काढ न."

अक्षयनं सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी मीच कव्हर वर ओढलं. आत हात धरवत नव्हता. पंख्यांची घरघर उतरली, आकडा चढायला लागला, आणि तो माणूस पळत सुटला.

"आता माहा बदल," मिनू म्हणाली.