कोजागिरीपर्यंतचं कुंकू

गेल्या महिन्यात हे गेले. दवाखान्यातले शेवटचे दिवस हे खाटेच्या लोखंडी दांडीला मूठ घालून पडून होते. नर्स मूठ सोडवायची, थोड्या वेळाने ती पुन्हा तिथेच. "बाबांना कशाची भीती वाटते का?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. सांगत बसण्याइतकं त्राण नव्हतं. आता सावकाश लिहिते आहे.

गोष्ट सत्तर सालानंतरची. हे कळमनुरीच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वायरमन होते आणि मी शाळेत शिकवत होते. जिनिंगची मोठी मोटार तीन तारांवर चालायची आणि प्रत्येक तारेभोवती एक कडं असायचं. ते समजावताना यांनी एकदा माझी बांगडी मागून घेतली आणि तिच्यातून पेन्सिल ओवून धरली, कुठे टेकू न देता.

"तार अशी मधून जाते. मोठा करंट तारेतच राहतो, कड्याला फक्त त्याची खबर लागते. कडं ती मीटरला देतं, रिलेला देतं. करंट हद्दीबाहेर गेला की रिले मोटार बंद करतो. माणसाला हात लावायची गरज न्हाई."

दसऱ्याला जिनिंगचा मुहूर्त व्हायचा. मशीनला हळदकुंकू, गोडं तेल, झेंडूची माळ. मुहूर्ताचं कुंकू कोजागिरीपर्यंत पुसायचं नाही, अशी तिथली रीत होती. त्या वर्षी हे बाहेर खांबावर फ्यूज बघत असताना म्हाताऱ्या मुकादमाने स्टार्टरची पेटी उघडली आणि आतल्या रिलेलाही तेलाचं बोट आणि कुंकू लावलं. हे आत आले तेव्हा मोटार सुरू झाली होती.

तेलावर कुंकू आणि त्यावर रुईची धूळ. रिलेची बारीक पट्टी त्यात चिकटून बसणार, हे यांना दिसत होतं. मग एखादी तार गेली तर मोटार उरलेल्या दोनांवर जळेपर्यंत ओढत राहील. शेजारी छतापर्यंत कापूस, आणि जिनात कापूस सारणाऱ्या बाया.

"मामा, एवढं आतलं पुसू द्या," हे म्हणाले.

"काहून? आमचं कुंकू खुपून राहिलं का तुमाला?" मुकादम हसत म्हणाला. बाकीचे हसले नाहीत.

आम्ही बौद्ध. पूजाअर्चा आमच्या घरातून केव्हाच गेलेली. यांच्या हातून कुंकू पुसलं गेलं असतं तर गावाने त्याचा काय अर्थ लावला असता, ते वेगळं सांगायला नको. मॅनेजरही म्हणाला, "लोकांना दुखवू नका. कोजागिरी होऊ द्या."

मग रिलेचं काम यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी मोटार सुरू झाल्यापासून संध्याकाळी थांबेपर्यंत हे मीटरांसमोर उभे, उजवी मूठ मेन स्विचच्या दांडीवर. मधल्या सुट्टीत मी भाकरी घेऊन जायची. हे डाव्या हाताने खायचे, माझ्याकडे न बघता. मी पोत्यावर बसून राहायची. ते न हलणारे काटे बघून मलाही पेंग यायची.

"वायरमन, मोटार पळून चालली का कुठं?" मुकादम येता-जाता म्हणायचा. "बाई, तुमीच सांगा, घरी बी असेच दांडी धरून उभे राहतात का?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. हे हसायचे नाहीत. हसायलाही काट्यांवरची नजर काढावी लागली असती.

कोजागिरीच्या आदल्या दुपारी मी तिथेच होते. एका मीटरचा काटा खाली पडला, दुसरे दोन वर चढले. मोटारीचा आवाज जड झाला, घुमू लागला. यांनी एकदा पेटीकडे पाहिलं. आतून रिले हलल्याचा आवाज आला नाही. यांनी दांडी ओढली.

मुकादम धावत आला. "लाईट गेली?"

"एक तार गेली, मामा. मोटार दोनवर चालून राहिली होती." यांनी पेटीचं दार उघडलं आणि बाजूला झाले.

मुकादम वाकला. रिलेवर लाल, घट्ट लगदा बसला होता, त्यात रुईचे तंतू.

"यानं बंद करायला पायजे होतं?"

"व्हय."

मुकादमाची सून आत कापूस सारत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. मोटारीला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग धोतराचा सोगा हातात घेऊन पेटीत घालू लागला.

"धोतरानं नका मामा, धागे अडकतील. ब्रश देतो."

"द्या. पण पुसणार मीच. उद्या चंद्राला काय सांगायचं ते बी मीच सांगतो."

त्याने पुसलं. यांनी पट्टी हलवून पाहिली आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी रिले ठीक होता, तरी हे सवयीने मीटरांसमोर जाऊन उभे राहिले. मुकादमाने मागे एक स्टूल आणून ठेवलं. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा हे त्यावर बसून, भिंतीला टेकून झोपले होते. मूठ दांडीवरच. शेजारी उभा राहून मुकादम काट्यांकडे बघत होता. मला पाहून त्याने तोंडावर बोट ठेवलं. मी भाकरी पोत्यावर ठेवली आणि शाळेत परत गेले.